कमी निधीच्या शाळेत गणिताचे साहित्य कसे उभे करावे : कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर आणि जिल्ह्याच्या बारा तालुक्यांतील जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका व अनुदानित शाळांत जे शिक्षक गणित शिकवितात, त्यांना साहित्याविषयी पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. चंदगडची द्विशिक्षकी शाळा आणि शहरातील मनपाची शाळा यांच्या अडचणी सारख्या नसतात. म्हणून उत्तरे वाचताना आपल्या शाळेला लागू पडेल तेवढेच घ्यावे.

शाळेकडे पैसे नाहीत. सुरुवात कोठून करावी?

कपाटापासून करावी. अनेक शाळांत पूर्वी मिळालेली गणित पेटी आजही बांधलेल्या अवस्थेत सापडते. मणी हरवले तर लेखापरीक्षणात काय सांगायचे, या धास्तीने ती उघडलेली नसते. ती आधी उघडावी, त्यातील वस्तू मोजाव्यात आणि कोणती वस्तू कोणत्या इयत्तेच्या कोणत्या घटकाला उपयोगी पडेल याची एक पानभर यादी करून ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी.

त्यानंतर मुले नेमकी कोठे अडतात ते पाहावे. तिसरीत हातच्याची वजाबाकी, पाचवीत अपूर्णांक, सातवी-आठवीत क्षेत्रफळ व घनफळ, अशी दोन-तीन ठिकाणे बहुतेक शाळांत निघतात. ‘गणित साहित्य हवे’ एवढ्यावर कोणीही काही देत नाही आणि दिले तरी ते भलतेच निघते. ‘पाचवीच्या तीस मुलांसाठी, दोघांत एक याप्रमाणे, अपूर्णांक चकत्यांचे पंधरा संच हवेत’ असे म्हटले की खर्चाचा अंदाज येतो, देणाऱ्याला काम समजते आणि मिळालेली वस्तू वापरात राहते. शिक्षकाच्या हातातला एकच मोठा रंगीत संच दुरून सुरेख दिसतो, परंतु मागच्या बाकावरच्या मुलाला त्याने अर्धा आणि पाव यांतील फरक हाताला कळत नाही. किती हातांना साहित्य मिळेल, हे प्रत्येक यादीत सर्वांत आधी लिहावे.

शासनाकडून यासाठी कोणती रक्कम मिळते?

शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना समग्र शिक्षा या शासकीय योजनेतून पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदानाची तरतूद आहे. आराखड्याप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,०००, १०१ ते २५० पटाला ५०,०००, २५१ ते १,००० पटाला ७५,००० आणि त्यापुढे एक लाख रुपये अशी ही विभागणी आहे. यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी ठेवावी लागते. उरलेल्या रकमेतून वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, खडू-फळा, नोंदवह्या आणि शैक्षणिक साहित्य हे सारे भागवायचे असते, त्यामुळे वीस-बावीस पटाच्या शाळेत गणिताच्या वाट्याला फार थोडे उरते, हे मान्य करूनच नियोजन करावे लागते.

या थोड्या रकमेतही गणिताचा हिस्सा राहावा, असे वाटत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या वर्षारंभीच्या सभेत साहित्याची यादी मांडून तिचा ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. यादी व दरपत्रके तयार नसतील तर मार्च जवळ आल्यावर घाईने खरेदी होते आणि त्या घाईत भिंतीवर लावायचे तक्तेच पदरात पडतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ठोकळे व चकत्या प्रत्यक्ष सभेत नेऊन त्यांच्याकडून एक वजाबाकी करून घेतली, तर ठराव होण्यास अडचण येत नाही.

अनुदानित माध्यमिक शाळांना हे अनुदान मिळत नाही. तेथे वेतनेतर अनुदान, संस्थेचा निधी आणि माजी विद्यार्थी हेच मार्ग आहेत, आणि दहावीच्या जुन्या तुकड्या एकत्र आल्या की त्यांच्यापुढे नेमकी यादी ठेवणे हा त्यांतील सर्वांत सोपा मार्ग होय.

ग्रामपंचायतीकडे मागता येते का?

येते, आणि मागावे. ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा तयार होतो. त्यात शिक्षणाच्या बाबी घेता येतात. मात्र आराखडा तयार झाल्यानंतर दिलेला अर्ज पुढच्या वर्षावर जातो. म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेपूर्वीच मुख्याध्यापकांनी समितीच्या ठरावाची प्रत जोडून लेखी मागणी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. ग्रामसभेत हा विषय शिक्षकापेक्षा एखाद्या आईने मांडला तर त्याचे वजन वाढते.

पालकांकडून वर्गणी काढावी का?

सक्तीची वर्गणी काढू नये. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहा ते चौदा वयोगटातील मुलाचे प्राथमिक शिक्षण मोफत आहे, आणि पैशांअभावी ते पूर्ण करण्यात अडथळा येईल असे कोणतेही शुल्क त्याच्याकडून घेता येत नाही. मणीमाळेसाठी प्रत्येकी पन्नास रुपये आणण्यास सांगितले तर जो मुलगा ते आणू शकत नाही, तो त्या दिवसापासून गणिताच्या तासाला मान खाली घालून बसतो. ज्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, तेथे आज शाळेतल्या वस्तूंसाठी मुलाकडून पैसे मागणे हे मनाला पटत नाही.

स्वेच्छेने होणारा शैक्षणिक उठाव, म्हणजे गावाने शाळेला केलेली मदत, ही वेगळी गोष्ट आहे. त्यात रोख रकमेपेक्षा पालकांचे हात मागावेत. प्रत्येक गावात सुतारकाम, शिवणकाम, गवंडीकाम, रंगकाम करणारे पालक असतात. शिवणकाम करणारी आई उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून देते आणि साहित्याचे पंधरा संच पंधरा पिशव्यांत नीट राहतात. रंगारी पालक व्हरांड्याच्या फरशीवर शून्य ते शंभरची संख्यारेषा रंगवून देतो. ती पुढे कित्येक वर्षे टिकते आणि तिच्यावरून चालत मुले बेरीज-वजाबाकी करतात. जो पालक यातले काहीही देऊ शकत नाही, त्याचे नाव कोणत्याही यादीत येता कामा नये. देणाऱ्यांची नावे फलकावर लिहायची असतील तर रकमा लिहू नयेत.

उद्योजकांकडे कसे जावे? कारखान्यांकडून काय मागावे?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिलाच मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करणे बंधनकारक आहे. कोल्हापुरातील उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतील बहुसंख्य कारखाने या मर्यादेच्या फार खाली आहेत, म्हणून त्यांच्यापुढे या कायद्याचा उल्लेख करून काही साधत नाही. त्यांच्याकडे पैशापेक्षा वस्तू आणि कसब मागावे.

आपला जिल्हा या बाबतीत भाग्यवान आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील फौंड्री (धातूचे ओतकाम) व्यवसायाच्या आधाराने लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, बनविणारी वर्कशॉप चालतात. मिलिमीटरच्या हिशेबाने लाकूड कापणारे कारागीर तेथे रोज काम करतात, आणि त्यांच्याकडे उरणाऱ्या तुकड्यांतून एकसारखे घन, इष्टिकाचिती व इतर चिती कापून मिळू शकतात. बाजारातील प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांपेक्षा ते अधिक जड, अधिक टिकाऊ आणि हाताळायला अधिक चांगले असतात. ते घेताना कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत का, हे स्वतः बोट फिरवून पाहावे. धातूचे वॉशर मोजणीसाठी उत्तम, परंतु लेथवर निघणारा धातूचा कीस, धारदार पत्रा किंवा तेलकट भंगार शाळेत आणू नये.

इचलकरंजीच्या यंत्रमागांवरून निघणारे सुताचे रिकामे कागदी कोन हे दहावीच्या महत्त्वमापनासाठी आयते शंकुछेद आहेत. दोन वर्तुळाकार कडांचे परीघ दोऱ्याने मोजून त्रिज्या काढावी, तिरकस उंची पट्टीने मोजावी, सूत्राने वक्रपृष्ठफळ काढावे आणि मग तोच कोन उभा कापून, उलगडून आलेख कागदावर पसरावा. चौकटी मोजून आलेले उत्तर आणि सूत्राचे उत्तर जवळजवळ जुळले की वर्गात जो कलकलाट होतो, तो होऊ द्यावा. छापखान्यांतून कार्डशीटच्या कापलेल्या पट्ट्या मिळतात. अंककार्डांसाठी व अपूर्णांक पट्ट्यांसाठी त्या पुरेशा असतात.

मागणीचे पत्र कसे लिहावे?

एका पानाचे लिहावे, एकाच घटकाविषयी लिहावे, संख्या लिहावी. पुढील मजकूर नमुन्यादाखल दिला आहे.

‘मा. महोदय, आमच्या शाळेत इयत्ता तिसरीत २४ विद्यार्थी आहेत. वजाबाकी करताना दशक सुटा करणे म्हणजे काय, हे मुलांना स्वतःच्या हाताने करून पाहता यावे, यासाठी दोघांत ५० याप्रमाणे एक इंच बाजूचे ६०० लाकडी ठोकळे हवे आहेत. आपल्या कारखान्यात उरणाऱ्या तुकड्यांतून ते कापून व कडा घासून मिळाल्यास शाळा आपली आभारी राहील. सर्व ठोकळे एकदम देणे शक्य नसल्यास पहिल्या टप्प्यात ३०० मिळाले तरी आम्ही काम सुरू करू. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत सोबत जोडली आहे. साहित्य मिळाल्यावर पोच देण्यात येईल व वर्गात त्याचा वापर पाहण्यासाठी आपणांस निमंत्रण देण्यात येईल.’

शेवटचे वाक्य केवळ सौजन्यापोटी घातलेले नाही. देणाऱ्याला मुले ठोकळे घेऊन काम करताना दिसली की पुढच्या वर्षी वेगळे पत्र लिहावे लागत नाही. त्या दिवशी हार-तुरे, भाषणे यांत वेळ घालवू नये; रोजचा तास जसा चालतो तसाच चालवावा.

खर्च न करता गावातच काय मिळते?

बरेच काही मिळते. चिंचोके, सागरगोटे, कवड्या आणि खराट्याच्या सारख्या कापलेल्या काड्या यांवर पहिली-दुसरीचे संख्याज्ञान पूर्ण होऊ शकते. दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा बांधावा आणि ४२ वजा १७ करताना मुलाने चार गठ्ठ्यांपैकी एक स्वतः सोडावा. रबर काढून दहा काड्या बाकावर पसरणे आणि मग बारांतून सात उचलणे, ही कृती ज्याने काही वेळा केली आहे, त्याला वहीत ४ खोडून ३ का लिहायचे ते पुन्हा सांगावे लागत नाही. पहिलीतील लहान मुलांच्या हाती चिंचोके देताना मात्र लक्ष असावे, कारण ते नाकात-कानात घालण्याचा प्रकार घडतो. त्या वयासाठी बाटल्यांची झाकणे बरी.

दूध संस्थेची पावती हे दशांश अपूर्णांकांचे उत्तम साहित्य आहे. लिटर, फॅट (स्निग्धांश), एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक), दर आणि रक्कम हे सर्व तिच्यावर छापलेले असते, आणि ती घरात रोज येते. मुलांना जुन्या पावत्या आणायला सांगाव्यात, नाव व खाते क्रमांकाचा भाग कापून टाकावा, म्हणजे कोणाच्या घरी किती दूध जाते याची वर्गात चर्चा होणार नाही. मग लिटरला दराने गुणून रक्कम पडताळावी, आठवड्याचा तक्ता करावा, सहावी-सातवीत सरासरी काढावी. पतसंस्था व सेवा संस्था यांची जुनी दिनदर्शिका अंककार्डांसाठी कापावी. तिचे अंक मोठे आणि स्वच्छ असतात.

क्षेत्रफळासाठी एखादा पाठ सविस्तर सांगाल का?

आमच्या मते कोल्हापूरच्या मुलांसाठी क्षेत्रफळाची सुरुवात गुंठ्यापासून करावी, कारण ऊस किती गुंठे आहे हे शब्द त्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेले असतात, पण गुंठा डोळ्यांनी पाहिलेला नसतो. साहित्य एवढेच : ३३ फुटांहून थोडी लांब नायलॉनची दोरी, चार खुंट्या, मोजपट्टी, जुन्या कापडाच्या चिंध्या आणि रांगोळी किंवा चुन्याची फक्की. सुतळी ओली झाली की तिची लांबी बदलते, म्हणून ती घेऊ नये.

दोरीवर दर तीन फुटांवर चिंधी बांधावी. मुलांनी मैदानावर ३३ फुटांची एक बाजू आखावी. कोपऱ्यात काटकोन हवा, यासाठी एका बाजूवर ९ फूट, दुसऱ्या बाजूवर १२ फूट मोजून त्या दोन टोकांमधील अंतर १५ फूट येईपर्यंत दुसरी बाजू सरकवावी. पायथागोरसचे नाव सांगण्याची पाचवीत गरज नाही; आठवीच्या मुलांना का ते विचारावे. चौरस पूर्ण झाला की चिंध्यांच्या खुणांवरून रेषा ओढाव्यात. ११ ओळी आणि ११ रांगा, म्हणजे तीन फूट बाजूच्या १२१ चौकटी दिसतात. प्रत्येक चौकट ९ चौरस फूट, म्हणून गुंठा १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. मैदान लहान असेल तर अर्धा गुंठा आखावा आणि ‘अर्धा’ म्हणजे ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद की दोन्ही बाजू निम्म्या, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. त्यावर वाद होईल, तो मिटविण्याची घाई करू नये.

वरच्या इयत्तांसाठी सातबाऱ्याच्या उताऱ्यावरील हेक्टर-आर हे पुढचे पाऊल आहे. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. व्यवहारात लोक दोन्ही सारखेच का धरतात आणि मोठ्या क्षेत्रात त्याने किती फरक पडेल, हे मुले स्वतः काढू शकतात.

पैसे मिळालेच तर विकत काय घ्यावे?

जे घरी नीट बनत नाही ते. दोन पारड्यांचा तराजू व वजने, अर्धा व एक लिटरची मापे, लांब मोजपट्टी, फळ्यावरचे कंपास-गुण्या-कोनमापक, सरकत्या काट्यांचे घड्याळ आणि पुरेसे फासे. हाताने बनविलेला तराजू बहुधा एका बाजूला झुकतो आणि समीकरणाची कल्पना देताना त्याने गोंधळ होतो. तक्ते, भित्तिचित्रे आणि सूत्रांचे फ्लेक्स यांवर खर्च करू नये.

काहीही साहित्य नसताना रंजक पाठ होऊ शकतो का?

होऊ शकतो. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. काप्रेकरांनी १९४९ मध्ये मांडलेला ६१७४ हा स्थिरांक त्यासाठी पुरेसा आहे. चार अंककार्डे घ्यावीत, सर्व अंक सारखे नसावेत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करून तीतून लहानात लहान संख्या वजा करावी आणि उत्तराच्या अंकांवर तीच क्रिया पुन्हा करावी. ३, ५, २, ४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७; मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२; मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक जोडी याच संख्येवर येऊन थांबते. मुले एरवी ज्या वजाबाक्या करायला कंटाळतात, तशा डझनभर वजाबाक्या ती आपणहून करतात, आणि ज्याचे उत्तर ६१७४ येत नाही तो आपली चूक स्वतः शोधू लागतो.

विद्यांजली पोर्टलचा उपयोग होतो का?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या या पोर्टलवर शाळेला आपल्या यूडायस क्रमांकाने (शाळेचा शासकीय ओळख क्रमांक) नोंदणी करून वस्तूंची व स्वयंसेवकांची मागणी टाकता येते. तेथेही पत्राचाच नियम लागू होतो; घटक, इयत्ता व संख्या लिहावी.

देणगीदार टीव्ही किंवा प्रोजेक्टर देऊ करतात. घ्यावा का?

वीजजोडणी आणि बिलाची तरतूद असेल तर घ्यावा. दीक्षा ॲपवरील चित्रफिती आणि बालभारतीची ई-पुस्तके त्यावर दाखविता येतात. परंतु त्याच भेटीत, पडद्यावरचा तराजू मुलांना हातात धरता येत नाही, म्हणून एक खराही हवा आहे, असे नम्रपणे सांगावे.

देणगीदाराला आयकरात सवलत मिळते का?

आवश्यक नोंदणी असलेल्या न्यासामार्फत रक्कम दिली तर मिळू शकते. वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवर आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ही वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीतही ती नाही. पावतीविषयी खोटे आश्वासन देऊ नये.

मिळालेल्या साहित्याची नोंद कशी ठेवावी?

टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत आणि कार्डशीट, रबर, काड्या यांसारख्या संपणाऱ्या वस्तू साठा नोंदवहीत लिहाव्यात. भेट मिळालेल्या वस्तूही नोंदवाव्यात, तारीख व देणाऱ्याचे नाव लिहावे. वापरामुळे तुटलेल्या वस्तूंची वर्षअखेरीस समितीपुढे रीतसर नोंद करून त्या कमी कराव्यात. वापराने तुटणे हा दोष नव्हे, आणि मुख्याध्यापकांनी हे सहकाऱ्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले तरच पेट्या उघडल्या जातात.

पावसाळ्यात साहित्य खराब होते. काय करावे?

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या भागांत जून ते सप्टेंबर पुठ्ठा ओला न होताही नरम पडतो आणि त्याला बुरशी येते. तेथे कागदी साहित्य घट्ट झाकणाच्या डब्यांत, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह ठेवावे, आणि जे रोज लागते ते लाकूड, कापड किंवा प्लॅस्टिकचे असावे. लॅमिनेशन करताना कार्डे आधी कापून मग चारी बाजूंना थोडी कड सोडावी. लॅमिनेशननंतर काठोकाठ कापले तर कडेने ओल शिरते. शिरोळ, करवीर, हातकणंगले येथील नदीकाठच्या शाळांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. तेथे साहित्य खालच्या कप्प्यात न ठेवता, उचलून नेता येईल अशा पेट्यांत ठेवावे आणि पाणी वाढू लागल्यावर दप्तराबरोबर त्या पेट्या कोण हलविणार, हे जूनमध्येच ठरवावे.

आमची शाळा द्विशिक्षकी आहे. एवढे साहित्य आम्ही कसे जमविणार?

एकट्याने जमवू नये. आपल्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, शाळांनी घटक वाटून घ्यावेत : एका शाळेने अपूर्णांकांचे पंधरा संच करावेत, दुसरीने मापनाची पेटी, तिसरीने घनाकृतींची. केंद्राच्या शिक्षण परिषदेला शिक्षक एकत्र येतातच, त्या दिवशी पेट्यांची अदलाबदल करावी आणि पेटीत एक वही ठेवावी. कोणता पाठ घेतला, कोठे मुले अडली, काय तुटले, हे प्रत्येक शाळेने त्या वहीत चार ओळींत लिहिले तर पेटी पुढच्या शाळेत जाताना अनुभवही सोबत जातो.

मुले साहित्याशी नुसती खेळत बसतात. मग?

पहिली दहा मिनिटे खेळू द्यावे. नव्या वस्तूशी ओळख व्हावी लागते. त्यानंतर मात्र हातात एक निश्चित प्रश्न द्यावा आणि उत्तर वहीत चित्राने, मग अंकांनी लिहून घ्यावे. वस्तू, चित्र, अंक हा क्रम मोडला तर मुले काड्यांवर बरोबर आणि वहीत चूक, अशी अडकून पडतात. एखादे मूल काड्यांना हात न लावता उत्तर सांगू लागले, तर त्याला ते कसे आले एवढे विचारावे. त्याने बरोबर समजावले तर त्याची पिशवी दुसऱ्या जोडीला द्यावी. नाही समजावता आले तर काड्या त्याच्यासमोर आणखी काही दिवस राहू द्याव्यात.